आधी पाणी काढा: मऊ जमीन घट्ट करण्याचे सिमेंटपलीकडचे मार्ग

‘जिवाणूंनी वाळूचा दगड केला’ अशी बातमी अधूनमधून येते. सोबत फोटो असतो: हातमोजा घातलेल्या तळव्यावर वाळूची एक घट्ट कांडी. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच येतं, हे एवढं सोपं असेल तर बांधकामवाले अजून जमिनीत सिमेंट का ओततात? सिमेंटमुळे हवेत किती कार्बन जातो हे तर आता शाळकरी मुलंही सांगतात.

प्रश्न रास्त आहे. पण उत्तराची सुरुवात जिवाणूंपासून केली की घोटाळा होतो. ती पाण्यापासून करावी लागते.

## जमीन मऊ असते म्हणजे काय

माती म्हणजे कण आणि त्या कणांमधल्या पोकळ्या. भूजलाच्या पातळीखाली या पोकळ्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या असतात. खाडीतल्या किंवा समुद्रकाठच्या गाळात वजनाने जेवढी माती तेवढंच पाणी सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. निम्मं पाणी असलेल्या अशा पदार्थाला आपण ‘जमीन’ म्हणतो आणि त्यावर रस्ते, गोदामं, विमानतळ उभारायला निघतो.

त्यावर भार ठेवला की पहिल्या दिवशी तो मातीचे कण घेत नाहीत, पाणी घेतं. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून त्याला वाट काढून बाहेर पडावं लागतं. ते जसजसं बाहेर जातं तसतसे कण जवळ सरकतात, भार स्वतःच्या अंगावर घेतात, आणि जमीन बसते. या संथ प्रकाराला कन्सॉलिडेशन म्हणतात. अभियंते कार्ल टेरझागी यांनी त्याचं गणित १९२० च्या दशकात मांडलं. आजही पायाचा हिशेब करणारा प्रत्येक अभियंता तेच गणित वापरतो.

अडचण वेगाची आहे. चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान आणि चपटे असतात. त्यांच्या फटींतून पाणी झिरपायचं म्हणजे वर्षाला तीन-चार सेंटिमीटर सरकलं तरी खूप. हाताची नखं साधारण याच वेगाने वाढतात. गाळाचा थर वीस मीटर जाड असेल तर मधल्या पाण्याला बाहेर यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. तोवर इमारत बसत राहते. त्यातही ती सगळीकडून सारखी बसली तर निभावतं. एक कोपरा जास्त बसला की भिंतींना तडे जातात.

पिसाचा मनोरा कलला तो असाच. काम ११७३ मध्ये सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचताना मनोरा झुकायला लागला. मग युद्धांमुळे जवळजवळ शंभर वर्षं काम बंद पडलं. तेवढ्या काळात खालच्या चिकणमातीतलं पाणी सावकाश निघून गेलं आणि ती घट्ट झाली. काम सलग रेटलं असतं तर मनोरा तेव्हाच आडवा झाला असता, असं पुढे अभियंत्यांनी हिशेब करून दाखवलं. म्हणजे जगातली ही सगळ्यात नावाजलेली बिघडलेली इमारत वाचली ती युद्धाच्या कृपेने मिळालेल्या सुट्टीमुळे!

वाळूचं दुखणं वेगळं. तिच्यातून पाणी सहज वाहतं, त्यामुळे ती वर्षानुवर्षं बसत राहत नाही. पण सैल, पाण्याने भरलेली वाळू भूकंपात हादरली की कण खाली बसू पाहतात, मधल्या पाण्याला तेवढ्या क्षणात पळायला वाट मिळत नाही, आणि सगळा थर काही काळ पातळ रबडीसारखा वागतो. १९६४ च्या भूकंपात जपानमधल्या निगाता शहरात चांगल्या बांधलेल्या निवासी इमारती जवळजवळ अखंड अवस्थेत आडव्या झाल्या. इमारत मजबूत होती, खालची वाळू द्रवासारखी झाली होती.

चिकणमाती आणि वाळू यांच्यातला हा फरक लक्षात असू द्या. जिवाणूंचा निकाल पुढे त्यावरच लागणार आहे.

## मग सिमेंट कशासाठी

सिमेंटला थांबायला लागत नाही. मोठ्या यंत्राची फिरती पाती जमिनीत खोल उतरतात, उतरता उतरता सिमेंटचं पाणी सोडतात आणि माती जागच्या जागी कालवून काढतात. काही आठवड्यांत चिखलाच्या जागी टणक खांब तयार. घनमीटरभर मातीला साधारण दीडशे ते तीनशे किलो सिमेंट लागतं.

एका खांबाचा ढोबळ हिशेब करू. व्यास एक मीटर, खोली दहा मीटर. माती झाली सुमारे आठ घनमीटर. घनमीटरमागे दोनशे किलो धरले तर सिमेंट दीड टनाच्या वर. एवढं सिमेंट तयार होताना अंदाजे एक टन किंवा थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा झाला एक खांब. मोठ्या भरावाखाली असे हजारो खांब असतात, आणि ते सगळे जमिनीत गाडलेले, कुणाच्या नजरेला न पडणारे.

सिमेंटची भट्टी सुमारे १४५० अंशांना चालते, तेव्हा इंधन जळणारच. पण त्याहून मोठा वाटा चुनखडीचा. ती तापवली की तिच्यातच बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी हा भाग कमी होत नाही. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा हिस्सा सात ते आठ टक्के धरला जातो तो या दोन्हींमुळे.

माझ्या मते मऊ जमिनीतलं सिमेंट बऱ्याचदा ताकदीसाठी वापरलेलं नसतं. पाणी निघून जायला जो वेळ लागला असता, तो वेळ आपण सिमेंट देऊन विकत घेतलेला असतो.

## पाण्याला दारं उघडून द्या

मोठं सभागृह माणसांनी भरलंय आणि दार एकच आहे. सगळ्यांना बाहेर पडायला तास लागेल. माणसांना पळवून हा वेळ फार कमी होत नाही, पण प्रत्येक रांगेशेजारी एक दार काढलं तर पाच मिनिटांत सभागृह रिकामं होतं. चिकणमातीत हेच करतात.

त्यासाठी वापरतात ती पट्टी हाताच्या पंज्याएवढी रुंद, चार-पाच मिलिमीटर जाड. आत पन्हळी, बाहेर गाळणीसारखं कापड. पोकळ पोलादी नळीतून ती गाळात उभी खुपसायची, नळी वर ओढून घ्यायची, पट्टी आत राहते. मीटर-दीड मीटर अंतरावर अशा पट्ट्यांची आख्खी जाळी लावतात. वर मातीचा किंवा वाळूचा भराव टाकतात. भरावाच्या वजनाने पाणी दाबलं जातं, दहा मीटर उभं जाण्याऐवजी अर्धा मीटर आडवं जाऊन पट्टी गाठतं आणि तिच्यातून वर येतं. भरावाच्या कडेने पाणी वाहताना डोळ्यांनी दिसतं.

गंमत अशी की अंतर निम्मं केलं की वेळ निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. कारण वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वीस मीटर जाडीच्या, वरून आणि खालून निचरा होणाऱ्या मऊ थराला नव्वद टक्के बसायला पट्ट्यांशिवाय ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं लागतील असं धरू. मीटरभर अंतराने पट्ट्या लावल्या तर तोच हिशेब आठ महिन्यांवर येतो. पट्टी खुपसताना आजूबाजूची माती चुरगळते आणि तिच्या वाटा बुजतात, म्हणून प्रत्यक्षात वर्षभर धरावं. पंच्याऐंशी वर्षांच्या जागी एक वर्ष, आणि त्यात सिमेंटचा कणही नाही.

एवढा भराव आणायचा कुठून, हा पुढचा प्रश्न. शेकडो ट्रक माती आणायची, नंतर परत न्यायची, यात डिझेल जळतंच. यावर स्वीडनच्या वॉल्टर शेलमान यांनी १९५२ मध्ये एक तोड मांडली. जमिनीवर हवाबंद प्लास्टिक पसरा, कडा चर खणून गाडून टाका आणि पंपाने खालची हवा ओढा. रजया ठेवायच्या पिशवीतली हवा काढली की पिशवी आक्रसते, तशी जमीन आक्रसते, कारण बाहेरची हवा तिच्यावर दाब देते. चांगल्या कामात मिळणारा दाब सुमारे चार मीटर उंच भरावाइतका भरतो. वजन असं काहीच रचलेलं नसल्यामुळे भराव घसरून पडण्याची भीतीही राहत नाही. पंपाला मात्र महिनोन् महिने वीज लागते, आणि वाळूचा एखादा थर मध्ये आडवा पसरलेला असेल तर हवा तिकडून आत शिरते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

जमिनीत लाखो प्लास्टिकच्या पट्ट्या सोडणं हे कसलं पर्यावरणप्रेम, असं कुणी विचारलं तर ते बरोबरच आहे. पट्टीचं काम वर्ष-दोन वर्षांत संपतं, पट्टी मात्र कायमची आत राहते. सिंगापूरमध्ये १९८० च्या दशकात तागाचं आवरण आणि आत नारळाच्या काथ्याच्या दोऱ्या अशी पट्टी तयार झाली. काम होईपर्यंत टिकायचं आणि नंतर कुजून जायचं, हीच तिची रचना. कामाच्या आधीच कुजली तर पंचाईत, म्हणून त्या गाळात वस्तू किती लवकर कुजतात ते बघून ती निवडावी लागते. मला हा उपाय फार आवडतो. तो पुरेसा वापरला जात नाही, कारण प्लास्टिकची पट्टी कारखान्यातून एकसारखी येते आणि तपासायला सोपी असते.

या पद्धतीची मर्यादा बघायची असेल तर जपानमधला कान्साई विमानतळ बघावा. ओसाकाच्या उपसागरात भराव टाकून केलेल्या बेटावर तो १९९४ मध्ये सुरू झाला. समुद्रतळाच्या वरच्या मऊ थरात वाळूचे असंख्य उभे निचरे घातले होते आणि तो थर ठरल्याप्रमाणे बसला. पण त्याखालच्या जाड, जुन्या चिकणमातीपर्यंत ते पोचत नव्हते, आणि बेटाच्या प्रचंड वजनाखाली तीही बसत राहिली. बेट अंदाजापेक्षा जास्त खचलं आणि अजून हळूहळू खचतंच आहे. टर्मिनलचे खांब जॅकने उचलून खाली पत्रे सरकवता येतील अशी सोय आधीच ठेवली होती, म्हणून इमारत समतोल राखता येते.

## पण एवढा वेळ कुणाकडे आहे?

हा सगळ्यात खरा आक्षेप. कर्जाचं व्याज थांबत नाही, उद्घाटनाची तारीख तर त्याहून नाही. तरीही मोठा प्रकल्प बघा: आराखडे, मंजुऱ्या, निविदा, यंत्रसामग्रीची मागणी यांत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. त्या काळात जागा रिकामी पडून असते. जागा ताब्यात आली त्याच महिन्यात माती परीक्षण करून पट्ट्या घातल्या तर निचऱ्याला लागणारा वेळ आधीच वाया जाणाऱ्या वेळात बसतो. असं होत नाही, कारण जमिनीचा विचार बहुधा सगळ्यात शेवटी, ठेकेदार नेमल्यावर होतो. मग हातात सहा महिने उरतात आणि सिमेंटशिवाय मार्ग राहत नाही. कार्बनचा निर्णय प्रत्यक्षात वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीत होऊन गेलेला असतो.

## वाळू असेल तर ठोका, हलवा

सैल वाळूला पाणी काढायची गरज नाही, तिला फक्त नीट बसवायचं असतं. डबा आपटला की आतलं धान्य खाली बसतं, तसंच. क्रेनने दहा-वीस टनांचं वजन दहा-वीस मीटरवरून पुन्हा पुन्हा सोडायचं, ही पद्धत फ्रान्सच्या लुई मेनार यांनी १९७० च्या आसपास रूढ केली. किंवा कंप पावणारी लांब सोंड जमिनीत उतरवायची. बाहेरून काहीच न मिसळता जमीन सुधारते. शेजारी जुन्या इमारती असतील तर मात्र ठोकण्याचा विचार सोडलेला बरा.

माती मऊ चिकण असेल तर त्याच सोंडेने भोक पाडून त्यात खडी ठासून भरतात. हा खडीचा खांब भार घेतो आणि पाण्याला वाटही देतो. पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटचा चुरा इथे नव्या खडीच्या जागी चालतो, तो स्वच्छ आणि पुरेसा कठीण असला म्हणजे झालं.

## मिसळायचंच असेल तर

काही ठिकाणी कालवण्याला पर्याय नसतो. मग सिमेंटचा मोठा हिस्सा पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, बारीक दळून बदलता येतो. औष्णिक वीजकेंद्रातली राख आणि भाताच्या तुसाची राखही चालते. यांच्यातली सिलिका चुन्याशी जुळून सिमेंटसारखंच बंधन तयार करते. रोमन लोक ज्वालामुखीची राख आणि चुना मिसळून बंदर बांधायचे ते याच रसायनावर.

आक्षेप दोन आहेत. एक, राखेत जड धातू असू शकतात, ते भूजलात उतरणार नाहीत हे तपासल्याशिवाय वापरू नये. दुसरा थोडा विचित्र: कोळशाची वीजकेंद्रं बंद व्हावीत असंही आपण म्हणतो आणि त्यांच्या राखेवर भिस्तही ठेवतो. उरलीसुरली राख आणि स्लॅग काँक्रीटवाल्यांनाही हवंच आहे.

नुसता चुना जुनाच उपाय आहे आणि चिकणमातीत छान चालतो, पण तोही चुनखडी भाजूनच होतो. शिवाय मातीत सल्फेट असेल तर चुन्याशी मिळून असे स्फटिक वाढतात की घट्ट केलेला रस्ता पुढे फुगून उचलला जातो. माती न तपासता चुना टाकणं महागात पडतं.

## आता ते जिवाणू

स्पोरोसार्सिना पाश्चुराय हा मातीतलाच जिवाणू. त्याला युरिया दिला की तो त्याचे तुकडे करतो आणि त्यातून कार्बोनेट तयार होतं. पाण्यात कॅल्शियम मिसळलेलं असेल तर दोन्ही जुळून चुनखडीचे स्फटिक बनतात. दोन कणांच्या सांध्यावर ते जमले की कण डिंकाने चिकटवल्यासारखे धरून बसतात. बातमीतली ती कांडी अशीच होते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास हा प्रयोग थेट शंभर घनमीटर वाळूवर केला. वाळू घट्ट झाली खरी, पण सगळी नाही. द्रावण ज्या वाटेने वाहिलं तेवढाच भाग दगडासारखा झाला.

इथे तो फरक आडवा येतो. हा जिवाणू एक ते तीन मायक्रॉन लांब. वाळूच्या फटी त्याच्यासाठी हमरस्ता आहेत. चिकणमातीत कणच त्याच्याएवढे किंवा त्याहून लहान, मग फटींची काय कथा! ज्या मऊ गाळाची आपल्याला खरी काळजी आहे, त्यात तो शिरूच शकत नाही. बातमीत बहुधा हेच वाक्य नसतं. जिवाणूऐवजी त्याचं फक्त विकर, म्हणजे एन्झाइम, घेवड्याच्या जातीतल्या बियांतून काढून वापरता येतं. ते बरंच लहान असल्याने बारीक वाळूत आणि पोयट्यात जास्त आत जातं, पण निव्वळ गाळात तेही अडतं.

शिवाय चुनखडीच्या प्रत्येक रेणूमागे अमोनियमचे दोन उरतात. ते भूजलात तसेच सोडले तर विहिरी आणि तळी बिघडतील, म्हणून द्रावण परत उपसून शुद्ध करावं लागतं. युरियाही आकाशातून पडत नाही. तो अमोनियापासून बनतो आणि अमोनिया बहुतांशी नैसर्गिक वायूपासून. हे सगळं धरून हिशेब केला तर ‘हिरवा’ शिक्का आपोआप बसत नाही.

मग जिवाणू निरुपयोगी? मुळीच नाही. उभ्या इमारतीखाली सैल वाळू आहे, भूकंपाची भीती आहे, ठोकता येत नाही आणि खणताही येत नाही, अशा जागी पातळ द्रावण झिरपवणं हाच सोयीचा मार्ग. त्याहून हलका एक प्रकार मला जास्त आश्वासक वाटतो. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेट खाऊन नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात. वायू दाबला जातो, त्यामुळे हादऱ्यात पाण्याचा दाब एकदम चढत नाही आणि जमीन द्रवासारखी होत नाही. अमेरिकेत पोर्टलंड इथल्या बारीक मातीत हे प्रत्यक्ष जमिनीवर करून पाहिलं गेलं आहे.

## कार्बन कमी म्हणजे निर्धोक, असं नाही

१९७४ मध्ये जपानमध्ये ॲक्रिलामाइड हे रसायन जमीन घट्ट करायला आत सोडलं गेलं. ते जवळच्या विहिरीत उतरलं आणि ते पाणी पिणाऱ्यांना विषबाधा झाली. त्यानंतर तिथे अशी बहुतेक रसायनं जमिनीत सोडायला बंदी आली. रसायनाला कार्बनचं वजन कमी असेलही, पण ज्या जमिनीत ते जातं त्याच जमिनीतलं पाणी कुणीतरी पीत असतं.

गवारीच्या बियांचा डिंक किंवा झँथन गमसारखे पदार्थ त्या मानाने निरुपद्रवी. उतारावरची माती धरून ठेवायला, धूळ बसवायला उत्तम. ते पाण्यात पुन्हा मऊ पडतात, म्हणून इमारतीच्या पायाखाली त्यांचा भरवसा नको.

आणि लाकूड? ॲम्स्टरडॅमचा राजवाडा १३,६५९ लाकडी खुंटांवर उभा आहे आणि सतराव्या शतकापासून आहे. कायम पाण्याखाली असलेल्या लाकडाला प्राणवायू मिळत नाही, मग कुजवणाऱ्या बुरशीचं काही चालत नाही. भूजल खाली गेलं आणि खुंटांची डोकी उघडी पडली की कुजणं सुरू. म्हणजे इथेही पाण्याची पातळीच सांभाळायची आहे.

## काम झालं हे कळतं कसं

निचऱ्याच्या पद्धतीवर मालकांचा विश्वास चटकन बसत नाही, कारण दिसायला काहीच घडत नसतं. एक मातीचा ढीग आणि त्याच्या कडेने झिरपणारं पाणी. म्हणून भरावाखाली लोखंडी पाट्या ठेवतात आणि त्यांना जोडलेल्या दांड्या भरावाच्या वर काढतात. जमीन किती मिलिमीटर बसली हे दर आठवड्याला दांडीवर मोजता येतं. गाळात पाण्याचा दाब मोजणारी उपकरणंही सोडलेली असतात. सुरुवातीला आकडे भराभर उतरतात, बघणारा घाबरतो. काही महिन्यांनी आलेखाची रेघ हळूहळू आडवी व्हायला लागते, दाबही ओसरतो. दोन्ही आकडे जुळले की भराव उचलायचा आणि जागेच्या पुढच्या तुकड्यावर नेऊन टाकायचा.